फ्रिज किलोवर मोजू नका, त्यातल्या गॅसचा हिशेब द्या

प्रति,
फ्रिज आणि फ्रीझर बनवणाऱ्या कंपन्या, जुना फ्रिज परत घेणारे विक्रेते आणि ई-कचऱ्याची उद्दिष्टं ठरवणारे अधिकारी यांस,

स. न. वि. वि.

जुन्या फ्रिजचं रीसायकलिंग झालं की नाही हे तुम्ही वजनावरून ठरवता. इतके टन फ्रिज गोळा झाले, त्यांतून इतके टन लोखंड, तांबं, ॲल्युमिनियम आणि प्लास्टिक निघालं, की उद्दिष्ट पूर्ण झाल्याची नोंद होते. ही मोजणी आम्हाला मान्य नाही. ती गप्प बसून बघत राहणंही आता जमत नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहीत आहोत.

आम्ही फ्रिज दुरुस्त करणारे आणि निकामी फ्रिज खोलणारे तंत्रज्ञ आहोत. ६० किलोच्या जुन्या फ्रिजमधला सर्वांत घातक माल अनेकदा अर्धा किलोही भरत नाही. तो सगळाच्या सगळा हवेत सोडून दिला तरी वजनाच्या हिशेबात एक टक्कासुद्धा घट दिसत नाही. दाखला मिळतो, अहवाल छापला जातो, आणि तो गॅस ज्याच्या तोंडासमोर सुटला तो माणूस आमच्यापैकीच कुणीतरी असतो.

हा माल फ्रिजमध्ये दोन ठिकाणी असतो. एक म्हणजे सिस्टीम: कॉम्प्रेसर, मागची जाळी, ओल शोषणारा ड्रायर, कॅपिलरी म्हणजे अगदी बारीक नळी आणि फ्रीझरची कॉइल यांतून फिरणारा गॅस. दुसरं ठिकाण म्हणजे भिंतींत आणि दारात भरलेला पफ. पफ हा बारीक बंद बुडबुड्यांचा पॉलियुरेथेन फोम. ते बुडबुडे ज्या वायूने फुगवले तो वायू आतच अडकून राहतो आणि फ्रिजची थंडी टिकते ती बरीचशी त्याच्या जोरावर. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत बनलेल्या बहुतेक घरगुती फ्रिजच्या सिस्टीममध्ये साधारण १०० ग्रॅम आर-१२ असतो आणि पफमध्ये ३०० ग्रॅम किंवा त्याहून जास्त आर-११. कॉम्प्रेसरच्या बाजूला आहे त्याच्या तिप्पट माल भिंतीत, आणि भिंतीकडे कुणी वळूनही बघत नाही.

हे दोन्ही वायू क्लोरोफ्लुरोकार्बन आहेत. ओझोनचा थर खातात ते वेगळं, आणि हवा तापवतात ते वेगळं. १०० वर्षांच्या मुदतीत आर-१२ हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १०,९०० पट तापवतो, आर-११ सुमारे ४,७५० पट. वरच्या आकड्यांनी गुणून बघा: सिस्टीममधला १०० ग्रॅम म्हणजे सुमारे १,०९० किलो कार्बन डायऑक्साइड, पफमधला ३०० ग्रॅम म्हणजे सुमारे १,४२५ किलो. एका फ्रिजमागे अडीच टन. त्याच्यानंतर आलेल्या आर-१३४एने ओझोनला धक्का लागत नाही, पण त्याच्याही १०० ग्रॅमचे सुमारे १४३ किलो होतात.

१९८७च्या मॉन्ट्रिऑल कराराने हे वायू बनवणं थांबवलं, विकसित देशांत १९९६ पासून आणि विकसनशील देशांत २०१० पासून. आर-१३४एसारख्या वायूंना २०१६च्या किगाली दुरुस्तीने कात्री लावली. ही मोठी कामगिरी आहे आणि तिच्याबद्दल आम्हाला मनापासून आदर आहे. पण करार मुख्यतः वायू बनवण्यावर आणि त्याच्या व्यापारावर आहे. आधीच भिंतीत भरून बसलेला गॅस बाहेर पडू देऊ नका, अशी सक्ती तो करत नाही. ते काम प्रत्येक ठिकाणच्या नियमांवर सोडलेलं आहे, म्हणजे तुमच्यावर. फ्रिज १५-२० वर्षं सहज चालतो. मग तो जुन्या बाजारात जातो किंवा अडगळीच्या खोलीत दुसरा फ्रिज म्हणून राहतो. म्हणून कारखाना बंद होऊन इतकी वर्षं झाली तरी आर-१२ची पाटी असलेला फ्रिज आजही आमच्यापुढे येतो.

आता तक्रारी.

पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार अर्ध्या कामाची आहे. अनेक ठिकाणी सिस्टीममधला गॅस खेचून घेतला, कॉम्प्रेसर काढला, की फ्रिज ‘निर्धोक’ झाला असं धरतात. मग सांगाडा घणाने फोडतात किंवा उघड्या श्रेडरमध्ये, म्हणजे तुकडे करणाऱ्या यंत्रात, टाकतात. पत्रा एका ढिगात, प्लास्टिक दुसऱ्या, आणि पफचे तुकडे कचरा डेपोवर. पफ फुटतो तेव्हा कापलेल्या बाजूचे बुडबुडे तिथल्या तिथे रिकामे होतात. आर-११ साधारण २४ अंशांना उकळतो, त्यामुळे उबदार दिवशी त्याला थांबायला कारणच नसतं. आतल्या बुडबुड्यांमधला गॅस डेपोवर वर्षानुवर्षं झिरपत राहतो. काही ठिकाणी पत्रा लवकर सुटावा म्हणून पफ पेटवतात. जळत्या पॉलियुरेथेनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड असतो. आत आर-११ असेल तर हायड्रोक्लोरिक आणि हायड्रोफ्लुरिक आम्लाच्या वाफाही त्यात येतात. एवढ्या धुरापुढे तोंडाला बांधलेला रुमाल काहीच कामाचा नाही.

नीट काम कसं होतं हे गुपित नाही. पहिल्या टप्प्यात आधी फ्रिज रिकामा करून काचेचे कप्पे, ड्रॉवर, वायर, दाराचं रबर काढतात. त्याच वेळी बारीक विषारी वस्तू वेगळ्या करायच्या असतात: काही जुन्या आडव्या फ्रीझरच्या झाकणात दिव्यासाठी पाऱ्याचा स्विच असतो, आणि १९८०च्या दशकाआधीच्या काही कपॅसिटरमध्ये पीसीबी नावाचं तेल. (सर्किट बोर्डालाही पीसीबीच म्हणतात आणि त्यावरून गोंधळ होतो. इथे बोलतो आहोत ते विषारी तेलाबद्दल.) मग फ्रिज असा कलता करायचा की तेल कॉम्प्रेसरच्या तळाशी एका बाजूला जमेल, आणि सर्वांत खालच्या जागी, हवा आत शिरणार नाही अशा बंद चिमट्याने भोक पाडून व्हॅक्यूमने तेल आणि गॅस एकत्र खेचायचे.

ते एकत्र का, हे नीट समजून घ्या, कारण इथेच सर्वांत जास्त चुका होतात. कॉम्प्रेसरमध्ये साधारण २०० ते ३०० मिलिलिटर तेल असतं आणि गॅस त्यात विरघळलेला असतो. नुसत्या नळीला व्हॉल्व्ह लावून गॅस काढला तर दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा शून्यावर येतो, पण तेलातला गॅस तसाच राहतो आणि पुढचे कित्येक तास हळूहळू सुटत राहतो. म्हणून बाहेर काढलेलं तेल कमी दाबाखाली तापवून त्यातला गॅस वेगळा काढावा लागतो. हे न करता तेलाचा डबा तसाच विकला तर त्या डब्याबरोबर गॅसही गेला. आणि असा ‘रिकामा’ कॉम्प्रेसर गॅस कटरने कापला तर आतलं तेल भडकतं. आर-१२ ज्वाळेत सापडला तर आम्लाच्या वाफांबरोबर फॉस्जीन हा विषारी वायूही तयार होऊ शकतो.

दुसरा टप्पा सांगाड्याचा. तो पूर्ण बंद आणि हवाबंद यंत्रात फोडायचा असतो. आत नायट्रोजन सोडून ऑक्सिजन कमी ठेवतात आणि त्याच्यावर सतत सेन्सरची नजर असते. कारण दोन आहेत: नव्या पफचे बुडबुडे फुगवायला वापरलेला सायक्लोपेंटेन पेट घेतो, आणि पफची बारीक पूडसुद्धा हवेत मिसळली की स्फोट करू शकते. तुकड्यांमधून लोखंड चुंबकाने, तांबं आणि ॲल्युमिनियम एडी करंटने (फिरत्या चुंबकामुळे धातूत उठणाऱ्या विजेच्या भोवऱ्यांनी), प्लास्टिक घनतेने वेगळं होतं. पफ दळून, तापवून, दाबून त्याच्या गोळ्या करतात, म्हणजे बुडबुड्यांत उरलेला गॅसही बाहेर येतो. यंत्रातली सगळी हवा सक्रिय कार्बनमधून नेतात किंवा अतिशय थंड करतात. तेव्हा तो गॅस द्रव होऊन हातात येतो, आणि हाताशी आला म्हणून तोलता येतो. युरोपातल्या मानकात प्रक्रियेनंतर पफमध्ये उरलेला आर-११ वजनाच्या ०.२ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. पफची पूड पुढे सांडलेलं तेल शोषायला वापरता येते, आतल्या पांढऱ्या लायनरचं प्लास्टिक पुन्हा दाणेदार होतं. माल वाया जात नाही. फक्त तो काढायला बंद यंत्र लागतं, आणि तुमचा वजनाचा नियम बंद यंत्रवाल्याला आणि घणवाल्याला एकच गुण देतो.

तिसरा टप्पा नाशाचा. गोळा केलेला क्लोरोफ्लुरोकार्बन सिलिंडरमध्ये भरून ठेवला म्हणजे प्रश्न मिटला नाही. तो पुन्हा कुणाच्या तरी फ्रिजमध्ये भरला जातो आणि पहिल्याच गळतीला हवेत जातो. तो उच्च तापमानाच्या भट्टीत किंवा प्लाझ्मामध्ये, म्हणजे विजेने प्रचंड तापवलेल्या वायूत, मोडावा लागतो आणि निघणारी आम्लं धुऊन निष्प्रभ करावी लागतात. मॉन्ट्रिऑल कराराच्या चौकटीत मान्य पद्धतींना शुद्ध गॅससाठी ९९.९९ टक्के आणि फोमसकट जाळायचं असेल तर ९५ टक्के नाशाची अट आहे. इतकी काटेकोर अट लिहिलेली असताना, तिथपर्यंत किती ग्रॅम पोहोचले हे विचारायची तसदी तुमचा फॉर्म घेत नाही.

दुसरी तक्रार: कॉम्प्रेसर नसलेला फ्रिजही तुम्ही पूर्ण फ्रिज म्हणून मोजता. वाटेत कुणीतरी पकडीने नळी तोडतो, तांब्याच्या वाइंडिंगसाठी कॉम्प्रेसर काढतो आणि सांगाडा पुढे पाठवतो. रीसायकलिंग केंद्राच्या दारात तो आला तेव्हाच त्याचा सिस्टीममधला गॅस संपलेला असतो. तरी वजन-काट्यावर तो फ्रिजच. यात दोष नळी तोडणाऱ्या हातांवर ढकलू नका. किलोला भाव मिळतो म्हणून तो तांबं काढतो. धड फ्रिज आणला तर जास्त मिळेल अशी व्यवस्था तुम्ही केली असती तर त्याने पकड खिशातच ठेवली असती.

वाहतुकीबद्दल थोडक्यात. फ्रिज उभा न्यायचा असतो, एकावर एक फेकायचा नसतो, कचरा दाबणाऱ्या गाडीत तर कधीच घालायचा नसतो. कॅपिलरीचं आतलं छिद्र एक मिलिमीटरपेक्षा लहान असतं आणि जाळीचे सांधे गंजलेले असतात. गाडीच्या फाळक्यावरून एकदा आपटला की काम झालं. हुकाने उचलताना हूक जाळीत अडकवतात, हेही थांबलं पाहिजे.

तिसरी तक्रार आर-६००एबद्दल आहे आणि ती आमच्या जिवाची आहे. नवे फ्रिज या आयसोब्युटेनवर चालतात. तो ओझोनला धोका नाही, हवा फारशी तापवत नाही, म्हणून तुमच्या कागदांत या फ्रिजना खोलताना खास काही करायची गरज नाही असा सूर दिसतो. पण हा गॅस म्हणजे इंधन आहे. हवेत आकारमानाने सुमारे १.८ टक्के मिसळला की तो पेट घेतो. ५० ग्रॅम गॅस एक घनमीटरहून जास्त हवा पेटण्याजोगी करतो. तो हवेपेक्षा दुप्पट जड असल्याने जमिनीलगत, खड्ड्यात, गाडीच्या हौद्यात साचतो, नाकाच्या उंचीवर वास येण्याची वाट बघत बसू नका. भिंतीतल्या पफमध्ये त्याच्या कित्येक पट सायक्लोपेंटेन असतो, तोही ज्वलनशील. बंद गाडीत गळणारे असे फ्रिज भरणं किंवा आर-१२च्या फ्रिजसाठी बनवलेल्या, नायट्रोजन नसलेल्या श्रेडरमध्ये ते टाकणं म्हणजे कामगाराला स्फोटासमोर उभं करणं आहे.

त्यात पाटीवर विश्वास ठेवता येत नाही. जुन्या फ्रिजमध्ये कधीतरी दुरुस्तीला आर-१२ किंवा आर-१३४ए न मिळाल्याने हायड्रोकार्बन, म्हणजे आयसोब्युटेनसारखा पेटणारा गॅस, भरलेला असतो आणि पाटी जुनीच राहते. आमच्या धंद्यातल्या लोकांनीच हे केलं आहे, आणि गॅस बदलला की पाटीही बदलावी ही शिस्त आम्ही पाळली नाही, हे कबूल करायला हवं. म्हणून प्रत्येक केंद्रावर गॅस ओळखण्याचं यंत्र हवं. वेगवेगळे गॅस एकाच सिलिंडरमध्ये गेले तर ते मिश्रण पुन्हा वापरता येत नाही, सगळंच नष्ट करावं लागतं, आणि त्यात हायड्रोकार्बन असेल तर तो सिलिंडर हाताळणाऱ्यालाच धोका. काढलेला गॅस साठवायचा रिकव्हरी सिलिंडर ८० टक्क्यांपेक्षा जास्त भरायचा नसतो. उन्हात द्रव फुगला की त्याला जागा लागते. ही साधी गोष्ट सांगायलासुद्धा कुणी येत नाही.

कॉम्प्रेसर नसलेले, आवाज न करणारे शोषण पद्धतीचे फ्रिज तर पूर्ण वेगळे. त्यांत मोठ्या दाबाखाली अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन असतो, आणि गंज रोखायला अनेकदा क्रोमेट, म्हणजे विषारी सहा-संयुजी क्रोमियम. त्यांची नळी कापायचीच नसते. ते वेगळे ठेवून त्यासाठीच सज्ज असलेल्या ठिकाणी पाठवायचे. संकलन केंद्रांच्या सूचनांमध्ये या फ्रिजचा उल्लेख क्वचितच असतो.

कंपन्यांना उद्देशून: तुमची गॅसची पाटी कागदी असते आणि कॉम्प्रेसरच्या उष्णतेने, तेलाने, दमट हवेने ती वाचता येईनाशी होते. सिस्टीममधला गॅस तरी तीवर असतो, पण पफ कशाने फुगवला हे अनेक जुन्या फ्रिजवर लिहिलेलंच नाही. पफ आर-११चा, एचसीएफसी-१४१बीचा की सायक्लोपेंटेनचा, हे कळल्याशिवाय सांगाडा कुठल्या ओळीत टाकायचा ते ठरत नाही, आणि अंदाज चुकला तर गॅस सुटतो नाहीतर आग लागते. काही नव्या मॉडेलमध्ये भिंतीत व्हॅक्यूम पॅनेल बसवता. त्यांतून काचतंतू किंवा सिलिकाची पूड निघते. ते कुठल्या भिंतीत आहेत हे खोलणाऱ्याला बाहेरून कळायला हवं.

दाराबद्दल एक गोष्ट. जुन्या खटक्याच्या दारांचे फ्रिज टाकून दिले की मुलं आत लपायची आणि गुदमरायची. अमेरिकेने १९५६ साली कायदा करून दार आतून उघडता यायला हवं अशी सक्ती केली आणि खटक्याऐवजी चुंबकाचं रबर आलं. पण आडव्या फ्रीझरला आजही कुलूप असतं, आणि संकलन केंद्राच्या आवारात ते कुलपासकट पडलेले दिसतात. फ्रीझर ताब्यात घेताना कुलूप काढणं हे काम दोन मिनिटांचं आहे. उभ्या फ्रिजचं दार बांधून ठेवा किंवा काढून घ्या, पण दारातही पफ आहे, तेव्हा काढलेलं दार सांगाड्याबरोबरच पुढे गेलं पाहिजे. दारांचा वेगळा ढीग लावून ती भंगारात विकली तर त्यातला गॅस गेलाच.

हे वाचणाऱ्या घरोघरच्या लोकांनाही एक विनंती: बर्फ सुरीने खरवडू नका, फ्रीझरच्या कॉइलचं ॲल्युमिनियम पातळ असतं. फ्रिज द्यायचा असेल तर आदल्या दिवशी बंद करून पाणी गळून जाऊ द्या, उभाच ठेवा आणि कॉम्प्रेसर वेगळा विकू नका. ‘जुना द्या, नवा घ्या’ योजनेत दिला असेल तर तो मोडीत गेला की कुणाला तरी पुन्हा विकला, हे विक्रेत्याला लेखी विचारा.

आमच्या मागण्या अशा.

रीसायकलिंगचं उद्दिष्ट वजनाबरोबर गॅसमध्येही ठरवा: गोळा झालेल्या फ्रिजच्या संख्येमागे, प्रकारानुसार, सिस्टीममधून किती ग्रॅम आणि पफमधून किती ग्रॅम. अपेक्षित गॅसच्या ९० टक्क्यांखाली जाणाऱ्या केंद्राला दाखला देऊ नका. तेलातला आणि पफमधला उरलेला गॅस बाहेरच्या प्रयोगशाळेकडून, आधी न कळवता, तपासून घ्या.

ज्याच्याकडे बंद श्रेडर नाही त्याला सांगाडा फोडायची परवानगी नको. तो पहिला टप्पा करू शकतो, पण सांगाडा अखंड पुढे पाठवावा आणि पोचपावती जपावी.

पैसा धड फ्रिजवर द्या, किलोवर नको. कॉम्प्रेसर, नळ्या आणि दार जागेवर असलेल्या फ्रिजला तांब्याच्या भावापेक्षा जास्त मोबदला मिळाला पाहिजे, आणि तो खर्च फ्रिज विकून नफा कमावलेल्या कंपन्यांनी उचलावा. आज जे लोक दारोदार फिरून फ्रिज उचलतात त्यांना बाजूला सारून नवा ठेकेदार आणू नका. त्यांनाच प्रशिक्षण, गॅस शोधक यंत्र, हातमोजे, डोळ्यांचं संरक्षण आणि उभा फ्रिज नेता येईल अशी गाडी द्या. फ्रिजपर्यंत सर्वांत आधी तेच पोहोचतात.

हायड्रोकार्बनच्या फ्रिजसाठी साठवण, वाहतूक आणि श्रेडर या तिन्हींचे आगीचे नियम वेगळे लिहा आणि लागू करा. कंपन्यांनी गॅसचं नाव, त्याचे ग्रॅम आणि पफचा वायू पत्र्यावर ठसा उमटवून लिहावा, कागदावर नको. भिंतीत व्हॅक्यूम पॅनेल असतील तर त्याची खूणही तिथेच हवी.

नष्ट केलेल्या क्लोरोफ्लुरोकार्बनचा दाखला सिलिंडरच्या क्रमांकासह जाहीर करा. परत मिळालेला आर-१२ दुरुस्तीसाठी बाजारात सोडू नका.

या पत्राला उत्तर देताना धोरणाचा मसुदा पाठवायची घाई नाही. सध्या तीन आकडे पुरेत: गेल्या वर्षी तुम्ही किती फ्रिज रीसायकल झाल्याचं दाखवलंत, त्यांपैकी किती कॉम्प्रेसरसकट आणि न गळता आले, आणि त्या सगळ्यांच्या पफमधून मिळून किती किलो गॅस तुमच्या काट्यावर तोलला गेला. तिसरा आकडा नोंदवहीत नसेल तर तसं स्पष्ट लिहा. तेही उत्तर आम्ही सगळ्यांना वाचून दाखवू.

आपले,
फ्रिज दुरुस्त करणारे आणि खोलणारे तंत्रज्ञ